शेवट पोस्टरवरच छापलेला असतो, तरी रोमकॉम का बघतो आपण?

आंबटगोड
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न इथे टाकतेय. खुनाच्या गोष्टीत खुनी कोण ते कुणी आधी फोडलं तर त्या माणसाशी मी आठवडाभर अबोला धरते. रोमकॉमचा (म्हणजे रोमँटिक कॉमेडीचा) शेवट मात्र पोस्टरवरच कळतो. दोघं पाठीला पाठ लावून उभी, हाताची घडी, ती वैतागलेली, तो मिश्कील. संपली गोष्ट. तरी मी तिकीट काढते, पॉपकॉर्नचे अवाच्या सवा पैसे मोजते आणि शेवटच्या दहा मिनिटांत ओढणीने डोळे पुसते.

साचा तरी किती पक्का! आधी धडक (कॉफी सांडते, नाहीतर फायली). मग भांडण. मग काहीतरी निमित्त होऊन दोघं एकाच गाडीत, घरात किंवा ऑफिसात अडकतात. पाऊस. जमतं. तेवढ्यात एकाने लपवलेलं काहीतरी बाहेर येतं, बिनसतं, एक रडकं गाणं, मग मित्र अक्कल शिकवतो आणि धावाधाव. शेवटी चारचौघांत कबुली, अनोळखी लोकांच्या टाळ्या.

नवरा म्हणतो, तुम्ही बायका सत्यनारायणाची पोथी ऐकावी तसं हे बघता. साधुवाण्याची नाव बुडणार आणि परत वर येणार हे माहीत असतं, तरी प्रसाद मिळेपर्यंत उठायचं नाही.

तर प्रश्न दोन. साचा माहीत असूनही मजा येते, की माहीत असतो म्हणूनच येते? आणि साचा जर एकच आहे, तर त्यातले काही सिनेमे डोक्यावर घेतले जातात आणि काही दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत, असं का?

टपरीवाला
पहिला! आता वाचतो.

खोडरबर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हिरॉइन सुंदर असते. दुसरा प्रश्न चांगला आहे, पण त्याचंही उत्तर तेच.

मोरपंखी
@खोडरबर, मग आम्ही काय बघायला जातो हो? अमोल पालेकर काही देखणेपणासाठी प्रसिद्ध नव्हते. 'छोटी सी बात' मी कितीदा बघितलाय याचा हिशोब नाही. बसस्टॉपवर विद्या सिन्हाच्या मागे उभा राहणारा तो अरुण आणि स्कूटर घेऊन टपकणारा असरानी. अरुण मोटरसायकल घ्यायला जातो आणि गॅरेजवाला त्याच्या गळ्यात भंगार मारतो. एवढा साधा पराभव कुठल्या देखण्या हिरोला जमेल? मग खंडाळ्याला अशोक कुमारकडे शिकवणी. १९७६ चा सिनेमा, आणि त्यातला बावळटपणा अजून ताजा आहे. त्याची मूळ कल्पना १९६० च्या एका इंग्रजी सिनेमातली आहे हे नंतर कळलं, पण ते लाजणं अगदी आपल्याकडचं, बेस्टच्या रांगेतलं.

वऱ्हाडी_ठेचा
काहून बे, धाग्यावर चार लोकं आले नाही तं भांडन चालू? म्हनजे रोमकॉमचा दुसरा टप्पा गाठला आपन. पुढं पाऊस.

आंबटगोड
@वऱ्हाडी_ठेचा, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

निवृत्त_लेखनिक
हा साचा परदेशातून आला अशी बऱ्याच जणांची समजूत असते म्हणून लिहितो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ चं. त्यात काय आहे बघा. मुलीचं लग्न थोरल्या भावाने भलत्याशीच ठरवलेलं. प्रियकर वेषांतर करून तिच्याच घरी येऊन राहतो, यती बनून. ती त्याची सेवा करते आणि तिला ओळख पटत नाही. प्रेक्षकांना सगळं ठाऊक. आणि या सगळ्याची सूत्रं हलवणारा कृष्ण, जो थोरल्या भावाला दुखवत नाही आणि बहिणीलाही निराश करत नाही. पुराणातली गोष्ट, म्हणजे शेवट अख्ख्या महाराष्ट्राला पाठ. तरी लोक रात्र रात्र बसायचे. एकेका पदाला वन्समोअर मिळायचा, म्हणजे आधीच ठाऊक असलेला शेवट आणखी लांबायचा, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसे.

दुसरं 'संशयकल्लोळ'. देवलांनी ते आधी गद्यात लिहिलं होतं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने. पुढे पदं घालून १९१६ मध्ये ते संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आलं. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं, मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराच्या वाटेने आलेलं. एक तसबीर चुकीच्या हातात पडते आणि दोन जोडपी एकमेकांवर संशय घेत सुटतात. आज तसबिरीच्या जागी मोबाइलच्या पडद्यावर चमकलेला मेसेज असतो, एवढाच फरक.

खवट_शेंगदाणा
आता काका मृच्छकटिकापर्यंत जाणार. कुणीतरी चहा ठेवा.

निवृत्त_लेखनिक
@खवट_शेंगदाणा, तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो. संस्कृत नाटकातला विदूषक आठवा. राजाचा मित्र, खादाड, राजाचं प्रेमप्रकरण जुळवण्यात पुढे आणि वेळ आली की राजालाच टोमणे मारणारा. 'मालविकाग्निमित्रा'त तर सगळी कारस्थानं तोच रचतो. हिरोचा तो जाडसर, सतत काहीतरी चरणारा मित्र कुठून आला, हे आता लक्षात येईल.

खवट_शेंगदाणा
चहा माझ्याकडून, काका. बिस्किटंही.

बार्शीलाइट
माझे मामा सोलापुरात एका थेटराचं कँटीन चालवायचे. आता ते थेटर पडलं, तिथे मंगल कार्यालय झालंय. शाळेच्या सुट्टीत मी गल्ल्यावर बसायचो, तेव्हाचं सांगतो.

प्रेमाच्या सिनेमाला दुसऱ्या आठवड्यात जो माणूस येतो तो बहुतेक आधी बघून गेलेला असतो. मामांना पडदा दिसायचा नाही, फक्त आवाज यायचा. मध्यंतरानंतर विरहाचं गाणं सुरू झालं की ते वडे तेलात सोडायचे. गाण्याच्या पहिल्या कडव्याला दार उघडायचं आणि लोक बाहेर. वडा, चहा, विडी. आणि कुणी न सांगता, गाणं संपून तो मित्राचा "अरे, जा ना तिच्याकडे" वाला सीन लागायच्या आत सगळे परत खुर्चीत. ज्या दिवशी रिळं बदलणाऱ्याने घाईत ते गाणं उडवलं त्या दिवशी मामांचे अर्धे वडे पडून राहिले आणि ऑपरेटरशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं.

सांगायचा मुद्दा, कुठे उठायचं आणि कधी परत यायचं हे लोकांना पाठ असतं आणि ते त्यांना आवडतं. खुनाच्या सिनेमाला कोण उठतो मधेच?

मोरपंखी
@बार्शीलाइट, अख्खा सिनेमा होईल या प्रतिसादावर. तेलात वडा सोडला आणि तेवढ्यात ती गल्ल्यावर आली...

टपरीवाला
...आणि सुटे पैसे नव्हते. इथून भांडण.

गेट_क्रमांक_बारा
विमानतळावर नोकरी करतो (कंपनी विचारू नका), म्हणून त्या शेवटच्या धावाधावीबद्दल थोडं.

एक. दारातच सीआयएसएफचा (विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या दलाचा) जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. "माझं प्रेम आत आहे" हे ओळखपत्र चालत नाही. पूर्वी पाहुण्यांसाठी पैसे भरून तिकीट मिळायचं, त्या काळात निदान इमारतीत तरी शिरता यायचं.
दोन. समजा दोन हजारांचं कुठलंतरी तिकीट काढून आलात. सुरक्षा तपासणीच्या रांगेत बेल्ट काढावा लागतो. घाईत प्रेम व्यक्त करायला निघालेला माणूस एका हाताने पँट सावरतोय, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तो मात्र प्रेमात नव्हता, त्याची इंदूरची फ्लाइट होती.
तीन. बोर्डिंग गेट विमान सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. सिनेमात मुलगी शेवटच्या घोषणेनंतर मागे वळून बघते. आमच्याकडे तिने असं केलं तर तिची बॅग विमानातून उतरवावी लागते, अडीचशे लोक शिव्या घालतात आणि उशिराचा कोड मी भरतो.

'जाने तू या जाने ना' मध्ये हिरो घोड्यावरून विमानतळावर येतो, तेव्हा थेटरात सगळे शिट्ट्या वाजवत होते आणि मी मनात घटनेचा अहवाल लिहीत होतो.

आंबटगोड
@गेट_क्रमांक_बारा, ऑफिसात बसून वाचलं आणि मोठ्याने हसले. साहेबांनी बघितलं.

सोलकढी
आमचेंय एक गाऱ्हाणं. मन मोडलं की सगळे गोव्यात येतात. भाड्याची स्कूटर, मोठी टोपी, किनाऱ्यावर उडी. प्रेम मुंबईवाल्याचं, दुःख दिल्लीवाल्याचं, आणि गोंयकार फक्त दारू ओतणारा किंवा पोदेर (पाववाला). म्हापशाच्या मुलाचं फोंड्याच्या मुलीवर प्रेम बसतं असा सिनेमा काढा कोणीतरी. त्यात अडथळेही खरे असतील: जूनमध्ये रस्ते.

पानगळ
व्हँकुव्हरजवळ राहते. इथे अमेरिकन टीव्हीसाठी नाताळचे रोमँटिक सिनेमे पोत्याने तयार होतात. हॉलमार्क या वाहिनीचे तर दरवर्षी डझनांनी येतात. गोष्ट एकच. मोठ्या शहरातली करिअरवाली मुलगी आईवडिलांच्या लहान गावी येते. तिथे चौकड्याचा शर्ट घातलेला सुतार किंवा बेकरीवाला. गावातलं काहीतरी जुनं बंद पडायला आलेलं असतं. शहरात एक फोनवर बोलणारा बॉयफ्रेंड, ज्याचं काही चुकलेलं नसतं पण त्याला जावं लागतं. चुंबन शेवटच्या दोन मिनिटांत, आणि लगेच बर्फ पडायला लागतो.

या सिनेमांतलं ते 'अमेरिकन गाव' बऱ्याचदा आमच्या इथलं फोर्ट लँगली असतं, आणि शूटिंग होतं उन्हाळ्यात. एकदा जुलैत आइस्क्रीम खायला गेलो तर रस्त्याच्या एका बाजूला पांढरा कागदी बर्फ, दाराला नाताळची हिरवी वेटोळी, आणि लोकरी कोट-मफलर घातलेली नटी. दोन शॉटच्या मध्ये एक मुलगी हातपंखा घेऊन तिच्या मानेवर वारा घालत होती. दुसऱ्या बाजूला आम्ही हाफ पँटमध्ये. "ॲक्शन" म्हटलं की ती दोन्ही हात चोळून थंडी वाजल्यासारखं करायची. डिसेंबरमध्ये तो सिनेमा लागला तेव्हा मी आवर्जून बघितला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच शॉटला मला भरून आलं. म्हणजे साचा काय, अख्खा कारखाना बघूनही परिणाम होतोच.

काजूकतली
अगदी अगदी! माझं कोरियन मालिकांचं असंच. सोळा भाग, एकेक भाग तास-सव्वा तासाचा. चौदाव्याच्या आसपास विरह येणार हे कॅलेंडरात लिहून ठेवावं इतकं नक्की. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' मध्ये दक्षिण कोरियाची श्रीमंत मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून थेट उत्तर कोरियात पडते, तिथल्या लष्करी अधिकाऱ्यासमोर. तुमच्या कॉफी सांडण्याला हे उत्तर. आणि त्यात दोघांच्या मध्ये जी सीमा आहे ती सतरा फोन करूनही ओलांडता येत नाही. म्हणून ती मालिका चालली असं माझं मत.

अधांतरी
सगळं गोड चाललंय, म्हणून थोडं मीठ टाकते. साचा निरुपद्रवी आहे असं सगळे धरून चाललेत. "तिने नाही म्हटलं म्हणजे अजून प्रयत्न कर" हा धडा आपल्या पिढ्यांनी याच सिनेमांतून घेतला. बसस्टॉपपर्यंत रोज पाठलाग करणारा मुलगा पडद्यावर लाजाळू असतो. रस्त्यावर तो तसा असेल याची खात्री नसते. @मोरपंखी, तुमचा अरुण मलाही आवडतो, पण त्या मुलीच्या जागी उभं राहून एकदा बघा.

दुसरं, 'यूव्ह गॉट मेल'. त्या माणसाच्या मोठ्या दुकानामुळे तिचं आईने काढलेलं पुस्तकांचं दुकान बंद पडतं. आणि शेवटी ती बागेत त्याला बघून आनंदाने रडते. का?

तिसरं आपलं. मराठी-हिंदी रोमकॉममध्ये दोघांची आडनावं बघा. कायम जुळणारी. खरा अडथळा जिथे आहे तिथे कॉमेडी फिरकतच नाही. तिथे गेलेला सिनेमा वेगळाच होतो आणि त्याचा शेवट आपण 'सैराट'मध्ये बघितलाय.

खोडरबर
@अधांतरी, आता करमणुकीतही समाजशास्त्र? दोन तास डोकं बाजूला ठेवायला जातो माणूस.

अधांतरी
@खोडरबर, डोकं बाजूला ठेवलं की आत काय जातंय ते कळत नाही, एवढंच म्हणणं. बघू नका असं कुठे म्हटलंय? मीही बघते.

वऱ्हाडी_ठेचा
पॉपकॉर्न घेऊन बसलो. हे दोघं शेवटी एअरपोर्टवर भेटतीन.

अधांतरी
@वऱ्हाडी_ठेचा, जाहीर निषेध.

खोडरबर
+१ निषेधाला. पहिल्यांदाच सहमत.

जुळवाजुळव
मी एक छोटं वधू-वर सूचक केंद्र चालवते, त्यामुळे वाचून हसूही येतंय आणि थोडं बोलावंसंही वाटतंय. अधांतरी यांचं आडनावाबद्दलचं अगदी खरं आहे. फॉर्मवर 'अपेक्षा' असा रकाना असतो. त्यात मुलंमुली लिहितात 'अनुरूप, मनमिळाऊ'. त्याच फॉर्मच्या मागच्या बाजूला आईवडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने पोटजात, पॅकेज, स्वतःचं घर, मंगळ. सिनेमा पुढच्या बाजूवर बनतो, माझं काम मागच्या बाजूवर चालतं.

आणि भांडणातून प्रेम म्हणाल तर, पोहे झाल्यावर दोघांना गॅलरीत बोलायला पाठवतात. हसत परत आलेले पुढे जातात, कधी कधी गप्प परत आलेलेही. वाद घालून परत आलेलं एकही स्थळ मी जुळताना बघितलेलं नाही. संध्याकाळी वडिलांचा फोन येतो, "पत्रिका नाही जमत." आदल्या दिवशी जमत होती ती.

पण एक सांगते. याच मुली माझ्यासमोर खुर्चीत बसून म्हणतात, "काकू, सिनेमासारखं नको, पण निदान त्याने मला काहीतरी विचारावं तरी." पडद्यावरचा तो दोन तास तिच्याशी बोलत असतो ना, ते त्यांना हवं असतं. चुकीचं भांडतो, खोटं बोलतो, पण बोलतो.

मोरपंखी
@जुळवाजुळव, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. तुम्ही वेगळा धागा काढाच.

वीतभर
जुळवाजुळव काकूंनी बोलण्याचा मुद्दा काढला, त्यावरून हॉलिवूडचा इतिहास आठवला. १९३४ साली 'इट हॅपन्ड वन नाइट' आला. दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा. सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर त्याला मिळाली. पळून आलेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार, बसचा प्रवास, एका खोलीत राहायची वेळ येते तेव्हा दोन खाटांमध्ये दोरीवर घोंगडं टाकून भिंत. आपल्याकडे त्याचे 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) झाले. त्याच १९३४ मध्ये अमेरिकेत सिनेमाची आचारसंहिता कडक लागू झाली. पडद्यावर काय दाखवायचं नाही याची यादीच. मग लेखकांनी सगळी आग संवादात घातली. हात लावता येत नाही, तर शब्दांनी मारामारी. ती भांडणं म्हणजेच प्रणय.

आता आंबटगोड यांचा मूळ प्रश्न, खुनाची गोष्ट आणि रोमकॉम यात फरक का. खुनाच्या गोष्टीत लेखकाला माहीत असतं आणि आपल्याला नसतं. रोमकॉममध्ये आपल्याला माहीत असतं आणि त्या दोघांना नसतं. मजा शेवटाची नसतेच, आपण त्यांच्यापुढे आहोत याची असते.

उदाहरण देतो. बुडापेस्टमधल्या दुकानाची एक गोष्ट आहे, मिक्लोश लास्लो यांच्या हंगेरियन नाटकातली. दिग्दर्शक लुबिचने १९४० मध्ये त्यावर 'द शॉप अराउंड द कॉर्नर' केला. एकाच दुकानात काम करणारे दोघं एकमेकांचा तिरस्कार करतात आणि टोपणनावाने एकमेकांनाच प्रेमपत्रं लिहितात. ती हॉटेलात बसलीय, समोर 'ॲना कॅरेनिना', त्यात खुणेला कार्नेशनचं फूल. तो बाहेर थांबतो, मित्राला खिडकीतून बघायला सांगतो आणि कळतं की ही तर तीच. या क्षणापर्यंत फक्त आपल्याला माहीत होतं. इथून त्यालाही माहीत. तो आत जातो पण सांगत नाही. ती त्याला हाकलायला बघते, कारण तिचा 'तो' येणार आहे. शेवट काय होणार हे ठाऊक असूनही मी त्या सीनला खुर्चीच्या कडेला येतो. ती त्याचा जो अपमान करते तो ऐकताना आपण तिच्या बाजूने, त्याच्या बाजूने आणि दोघांच्याही विरुद्ध, असे एकाच वेळी असतो.

या गोष्टीचं आधी संगीतपट झालं, मग ब्रॉडवेचं नाटक झालं, आणि १९९८ मध्ये नोरा एफ्रनने तिचं 'यूव्ह गॉट मेल' केलं. 'ॲना कॅरेनिना'च्या जागी जेन ऑस्टिनचं पुस्तक आणि कार्नेशनच्या जागी गुलाब.

निवृत्त_लेखनिक
@वीतभर, म्हणजे यती. सुभद्रेला माहीत नाही, अर्जुनाला माहीत आहे, आणि वरच्या मजल्यावर आपण.

वीतभर
तंतोतंत, काका. आणि 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) सुद्धा तेच. मुंबईची मुलगी पुण्यात एका मुलाला नकार द्यायला येते आणि ज्या अनोळख्याबरोबर दिवसभर पुणं फिरते तो...

काजूकतली
अहो, स्पॉयलर! मी अजून बघितला नाहीये!!

खवट_शेंगदाणा
२०१० चा सिनेमा. दोन भाग येऊन गेले त्यानंतर. पोरं शाळेत जायला लागली असतील त्यांची.

पुणेरी_पाटी
आमच्या शहरात पत्ता विचारणाऱ्या मुलीला दिवसभर शहर हिंडवणारा मुलगा भेटतो, ही त्या सिनेमातली सर्वांत मोठी कल्पनाभरारी आहे. कृपया याची नोंद घ्यावी. दुपारी एक ते चार वगळून.

खोडरबर
@वीतभर, सिद्धांत झकास, पण भोक आहे. मग 'रोमन हॉलिडे'? राजकन्या आणि पत्रकार शेवटी वेगळे होतात आणि तो सर्वांत लाडका. 'लंचबॉक्स'? तीही पत्रांचीच गोष्ट, डब्यातून जाणाऱ्या. शेवट अर्ध्यात. साचा मोडला तरी चाललंच ना?

वीतभर
@खोडरबर, चाललं, कारण आपण साच्याची वाट बघत बसलो होतो. तो सवयीचा शेवट आपल्या डोक्यात नसता तर 'रोमन हॉलिडे'तल्या त्या पत्रकार परिषदेत इतकं टोचलं नसतं. ती नुसती हस्तांदोलन करते आणि आपण मनातल्या मनात "आता सांग, आता सांग" म्हणतो.

शेवटांची अदलाबदल मात्र खूप झाली आहे. 'प्रिटी वुमन'ची मूळ पटकथा काळीकुट्ट होती. तो तिला शेवटी सोडून देतो. 'व्हेन हॅरी मेट सॅली' (१९८९) मध्ये दोघं आधी एकत्र येणार नव्हती. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक रॉब रायनर स्वतः प्रेमात पडला आणि शेवट बदलला. तो सिनेमा बारा वर्षांची मैत्री दाखवतो, त्यामुळे त्यातली शेवटची धाव मला पटते. पळणाऱ्याला दम लागायला कारण आहे.

अधांतरी
आता आंबटगोडच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेल का? काही का पडतात?

माझी चाचणी अशी: एक फोन केला असता तर हा सिनेमा अर्ध्या तासात संपला असता का? उत्तर 'हो' असेल तर मी घड्याळ बघायला लागते. दोघांनी वेगळं राहायला काहीतरी दमदार कारण हवं. पूर्वी घरचे, पैसा, शहर, पत्र हरवणं अशी कारणं आयती होती. आता प्रौढ, कमावती, एकटी राहणारी माणसं, खिशात मोबाइल. मग लेखक काय करतो? अर्धवट ऐकलेलं वाक्य. माजी प्रेयसीची मिठी नेमकी दारातून दिसणं. १९१६ ची तसबीरच, पण फाल्गुनराव मुळात संशयी होता हो! त्याचा स्वभाव म्हणजेच गोष्ट होती. आताच्या हिरोला स्वभावच नसतो, फक्त जिम असते.

मोरपंखी
@अधांतरी, मोदक (म्हणजे शाबासकी). आणि म्हणूनच 'मुरांबा' (२०१७) मला आवडला. तिथे दोघांचं आधीच तुटलेलं आहे आणि कारण बाहेर नाहीच, त्याच्या स्वभावात आहे. आईवडील त्याला समोर बसवून ते बोलायला लावतात. चिन्मयी सुमीत आणि सचिन खेडेकर. धावाधाव नाही, विमानतळ नाही, घरातल्या घरात.

टपरीवाला
आमच्या कॉलेजात सगळे म्हणायचे रोमकॉम मेलं, ओटीटीवर गेलं. मग २०२३ अखेर 'एनीवन बट यू' आला. अडीच कोटी डॉलरात बनला आणि जगभरात बावीस कोटींच्या आसपास कमावले. त्याचा सांगाडा शेक्सपिअरच्या 'मच अडो अबाउट नथिंग'चा. भांडणाऱ्या दोघांना आडून ऐकू जाईल अशा बेताने मित्र मोठ्याने बोलतात, "तो तुझ्यावर मरतो" वगैरे. चारशे वर्षांची युक्ती, सिडनीत बिकिनी घालून.

निवृत्त_लेखनिक
बिकिनीवरून आठवलं. १९३८ चा 'ब्रह्मचारी'. कथा अत्रे यांची, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. ब्रह्मचर्याचं व्याख्यान ऐकून नायक नट्यांची चित्रं फेकतो आणि आश्रमात भरती होतो. मग तिथे मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात, 'यमुनाजळी खेळू खेळ' म्हणत. पहिल्या रिळात शपथ घेतली, म्हणजे ती मोडणार हे थेटरातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मजा ती कशी मोडते याची. आणि अत्रे आश्रमवाल्यांची जी टोपी उडवतात ती बोनस. त्या सिनेमावर आमच्या वडिलांना घरून बंदी होती, असं ते सांगत. गाणं मात्र पूर्ण पाठ होतं.

खवट_शेंगदाणा
काका, बंदी आणि गाणं पाठ. इथे अर्धवट पटकथा आहे. लिहा.

गेट_क्रमांक_बारा
अवांतर: काल रात्रपाळीला खरोखरच एक मुलगा दाराशी आला, तिकीट नाही, धापा टाकत. मी म्हटलं, आलाच तो दिवस. जवानाने विचारलं काय पाहिजे. म्हणाला, आईच्या बीपीच्या गोळ्या माझ्या खिशात राहिल्या. आत निरोप पाठवला, त्या काकू दाराशी आल्या, गोळ्या घेतल्या आणि सगळ्यांसमोर त्याला झापलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

आंबटगोड
सगळे प्रतिसाद वाचून काढले. वीतभरचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग क्रिकेटचे जुने सामने मी बघतो ते तरी वेगळं काय, निकाल माहीत असतोच. म्हणजे पोथीचा टोमणा मागे घेतलाय, निदान या रविवारपुरता.

आता कामाचं. या रविवारी घरी सासूबाई, त्यांची बहीण आणि माझी सोळा वर्षांची लेक एकत्र बसणार आहेत. तिघींना चालेल असं एक सुचवा. चुंबन असेल तर किती सेकंदांचं तेही लिहा, म्हणजे चहा करायला कधी उठायचं ते ठरवता येईल.

मोरपंखी
'चश्मे बद्दूर', सई परांजपे, १९८१ चा. डोळे मिटून लावा. नायिका दारोदार साबणाची पावडर विकायला येते आणि नायकाकडून टॉवेल मागून घेऊन धुऊन दाखवते. चुंबनं शून्य. वर सिनेमातल्या प्रेमगीतांचीच टिंगल आहे, म्हणजे लेकही खूश.

अधांतरी
अनुमोदन. दोन मित्र मुली पटवण्याच्या थापा मारतात आणि तोंडावर पडतात, हे लेकीला आवर्जून बघू द्या. मूळच्याच सिनेमाबद्दल बोलतेय, नंतरच्या रिमेकबद्दल नाही.

खोडरबर
दीप्ती नवल आहे त्यात. माझं पहिलं उत्तर तपासून बघावे.

बार्शीलाइट
वडे करणार असाल तर गाण्यांच्या वेळा मी काढून देतो.